सेरेकुंडातली एक गोटी

ऐकण्याआधी

शनिवारी सकाळी देवयानीने हाउन्सलोच्या फ्लॅटमधलं जे जे आवाज करत होतं ते ते बंद केलं. वॉशिंग मशीन अर्ध्यावर थांबवलं. किचनमधला एक्झॉस्ट बंद केला. मग ती फ्रिजकडे बघत उभी राहिली, तेव्हा सोफ्यावर लोळणारी तिची बारा वर्षांची ईशानी म्हणाली, "आई, फ्रिज नको हां. माझी केक आहे त्यात."

"फ्रिज राहू दे. तू बोलू नकोस म्हणजे झालं."

"आणि विमानं? त्यांना पण सांगणार, शांत बसा?"

विमानांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. हीथ्रोला उतरणारी विमानं छपराला चाटून गेल्यासारखी जायची. पण येत्या गुरुवारी त्यातल्याच एकात अवधूत असणार होता, म्हणून देवयानीने सगळ्यांनाच माफ करून टाकलं होतं.

अवधूत तिचा नवरा. तो आत्ता गाम्बियात, सेरेकुंडात, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या रांगेत उभा होता. मत टाकतो आणि येतो, असं म्हणाला होता.

त्याच्याही आधी

गाम्बिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला शेवग्याच्या शेंगेएवढा देश. मधून नदी, दोन्ही काठांना माणसं. अवधूतचे वडील तिथल्या शेंगतेलाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले, हार्डवेअरचं दुकान टाकून तिथलेच झाले. अवधूत तिथेच जन्मला. देवयानी लग्न करून सांगलीहून गेली आणि काही वर्षांनी रीतसर तिथली नागरिक झाली.

पहिल्यांदा मत द्यायला गेली तेव्हा तिच्या हातावर कागद नाही, काचेची गोटी ठेवली. पडद्यामागे पत्र्याची पिंपं, दर उमेदवाराच्या रंगाचं एकेक, वर त्याचा फोटो. गोटी नळीतून सोडायची. आत घंटी असते, तिच्यावर आपटून गोटी खाली भुशात पडते. एकदा ठण् वाजलं की बाहेर बसलेल्यांना कळतं, मत पडलं. दोनदा वाजलं तर लबाडी. आणि कुणा सायकलवाल्याच्या घंटीने घोटाळा होऊ नये म्हणून त्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकल फिरकू देत नाहीत.

देवयानीला हे सगळं पोरखेळासारखं वाटलं होतं. गोटी सोडेपर्यंत. मग ते ठण् झालं, आणि ती बाहेर आली तर अवधूत भिंतीशी उभा. "तुझी ऐकली," म्हणाला. तेव्हापासून रीतच पडली. ज्याचं आधी होईल त्याने थांबायचं, दुसऱ्याची ऐकायची, मग घरी जाऊन तळलेले मासे खायचे. रंग विचारायचा नाही.

मग तिला इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ईशानीची शाळा, पगार, सगळ्यांनी मान डोलावली, अवधूतनेही. तो मागून येणार होता. पावसाळा संपला की येतो. दुकानाला गिऱ्हाईक मिळालं की येतो. बाबांचं वर्षश्राद्ध झालं की. गिऱ्हाईक मिळालं आणि गेलं, पुन्हा पावसाळा आला, आणि मग निवडणूक. "हे एवढं मत टाकू दे, देवू. नाही तर जन्मभर चुटपुट लागेल." देवयानीला ते पटलं. इतकं पटण्यासारखं कारण त्याने आधी दिलंच नव्हतं. हाय स्ट्रीटवरून तिने त्याच्यासाठी जाडजूड कोट आणला. स्वतः घालून पाहिला. बाह्या तिच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, आणि त्या तशाच ठेवून ती बराच वेळ पलंगावर बसून राहिली.

ऐकताना

डिसेंबरात हाउन्सलोचं आणि सेरेकुंडाचं घड्याळ सारखंच असतं. तेवढं एकच.

"देवू, आत फोन चालत नाही," अवधूतचा आवाज आला. मागे गलका, कोंबडा, कुणीतरी मोठ्याने हसलं. "न्यिमाच्या हातात देतोय. शाळेच्या भिंतीशी शेंगा विकत बसलीये, मतदानाच्या खोलीच्या खिडकीच्या बरोब्बर खाली."

"तुझी कुठली ते कसं कळणार?"

"ती सांगेल ना मी आत गेलो की. ऐक नीट. पुन्हा वाजवून दाखवता येणार नाही."

फोन हातातून हातात गेला. "मॅडम," न्यिमाने इंग्रजीत विचारलं, "थंडी कशी आहे?"

"आहे."

"तुमचा माणूस वाळलाय. माझ्याकडच्या शेंगा खाऊन दिवस काढतो आणि मला सांगतो, बायको लंडनला मोठी साहेबीण आहे."

"पैसे देतो का शेंगांचे?"

"म्हणतो, मॅडम देतील."

देवयानी हसली. मग न्यिमाने फोन वर धरला असावा. गलका लांब गेला आणि ठण् झालं. कुणाचं तरी. थोड्या वेळाने पुन्हा. देवयानीने डोळे मिटले. गरम धूळ, आंब्याच्या सावलीतली रांग, पुढच्या बाईच्या पाठीवर झोपलेलं बाळ, डोक्याला बांधलेल्या कापडाचा कडक स्टार्चचा वास. ठण्.

"गेला आत," न्यिमा कुजबुजली.

देवयानीने श्वास रोखला.

आणि खिडकीखाली, रस्त्यावर, सायकलची घंटी वाजली. किणकिण, किणकिण. ती ताडकन उठली. खिडकी वर ढकलून ओरडली, "नो बाइसिकल्स! नॉट टुडे! कळत नाही का तुम्हाला?"

खाली डिलिव्हरीवाल्याने कानातलं काढलं, वर पाहिलं, इमारतीवरचा नंबर पाहिला, पुन्हा वर पाहिलं. "सॉरी, लव्ह. नंबर चौदा?"

ईशानी उशीत तोंड खुपसून हसत होती. "आई. आई, हे हाउन्सलो आहे."

(इथे तिकडची घंटी वाजून गेली)

ऐकल्यानंतर

"ऐकलीस?" अवधूत धापा टाकत होता. पळत आला असावा.

"ऐकली."

"एकदाच ना?"

"एकदाच. लबाड नाहीस तू."

तो खूश झाला. ते तिला त्याच्या श्वासावरून कळलं. "आणि आत काय झालं माहितीये? यादी वाचणाऱ्याने माझ्या खालीच तुझं नाव वाचलं. म्हणाला, मॅडम कुठे? मी म्हटलं, येतेय."

"मी?"

"तोंडात आलं ते."

खाली डिलिव्हरीवाला बेल दाबत होता. देवयानी म्हणाली, "अवधूत, गुरुवारचं तिकीट काढलंस ना?"

"निकाल लागू दे. काही गडबड झाली तर दुकान एकटं कसं—"

"बरं."

"मग जानेवारीत शपथविधी आहे, तोवर सगळं जरा—"

"तुला बोलावलंय का शपथेला? पहिल्या रांगेत?"

तो हसला नाही. कोंबडा आरवला. मग तो म्हणाला, "मला येववत नाही गं. दोनदा बॅग भरली. तिथे येऊन मी कोण होणार?"

"माझा नवरा."

"ते आहेच. पण मग तेवढाच राहीन."

तिला खूप बोलायचं होतं. लॅबमध्ये तिला तरी कोण ओळखतं, लिफ्टमध्ये लोक तिच्या नावाऐवजी बिल्ल्याकडे बघून हसतात, आणि ती इथे कोण आहे हे तिला कुणी विचारलंय का, हे सगळं जिभेवर आलं होतं. पण आत्ताच रस्त्यावरच्या परक्या माणसाला सायकल चालवली म्हणून दटावून जी आली होती, त्या बाईने कुठल्या तोंडाने बोलायचं?

"देवू? आहेस?"

"आहे. मासे आणलेस का आज?"

"एकट्यासाठी कोण तळतं."

"तळ. आणि रांग आहे का अजून?"

"फाटकाबाहेर गेलीये."

"मग फोन दे न्यिमाकडे. म्हणावं, नुसता खिडकीपाशी धर थोडा वेळ."

"का? माझं झालं की."

"दे तू."

त्याने दिला. देवयानी सोफ्यावर टेकली. ईशानी आता हसत नव्हती. तिने सगळं ऐकलं होतं, त्यातलं किती कळलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"बाबाचा मत तर झाला. आता कोणाची ऐकतेस?"

"जो आत जाईल त्याची."

विमान गेलं. ते जाईपर्यंत दोघी थांबल्या. मग ईशानी सरकून आली आणि फोनच्या दुसऱ्या बाजूने तिने कान लावला. तिचे केस देवयानीच्या गालाला टोचले. लांब कुणाचा तरी पडदा सळसळला.