खाकी कागदावरचं फुलपाखरू

मापकाकांना माणूस आधी पायाकडून दिसायचा. चेहरा नंतर, सवड मिळाली तर. पस्तीस वर्षं एकाच दुकानात बसून बूट शिवल्यावर दुसरं काय होणार? गिऱ्हाईक आलं की त्याला खाकी कागदावर उभं करायचं, पेन्सिलीने पायाची कड काढायची आणि कुरूप, वर आलेलं हाड, वाकडी करंगळी, जे असेल ते त्याच कागदावर टिपून ठेवायचं. म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं.

तेव्हा सुनेच्या पायांना खाज सुटली हे खरं तर सगळ्यात आधी त्यांना कळायला हवं होतं. कळलं सगळ्यात शेवटी, आणि तेही बायकोने सांगितलं म्हणून.

"अहो, जगाचे पाय बघता, घरातले बघा की. पोरगी कंगव्याच्या दांड्याने पाय खाजवत बसते."

सून टपाल वाटायची. नोकरीला चार महिने झाले होते, पण सहा महिन्यांनी वरचे साहेब एक दिवस स्वतः तिच्याबरोबर रोजचे अकरा किलोमीटर चालणार होते आणि मगच कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आणि ती तर आत्ताच संध्याकाळी लंगडत घरी यायची. पायांवर लाल चट्टे, त्यांवर मोहरीएवढे पाणीदार फोड. नवरा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा. फोनवर तो एवढंच म्हणाला, "बाबांना दाखव."

मापकाका तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी बोटांच्या बेचक्यात नीट पाहिलं.

"इथे काही नाही, म्हणजे बुरशी नव्हे. ही कशाची तरी अ‍ॅलर्जी आहे. मलम देते, पण मूळ तुम्हालाच शोधावं लागेल. पायाला जे जे लागतं त्याची यादी करा आणि एकेक बंद करून बघा."

यादी म्हटल्यावर मापकाकांना चेव आला. हा तर त्यांचा हातखंडा प्रकार. सुनेने सुवाच्य अक्षरात यादी लिहिली आणि त्यांनी ती दुकानात खिळ्याला टांगली. आधी साबण बंद झाला. तो सासूबाईंनी पसंत केलेला, त्यामुळे दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज जरा मोठा येत होता. मग मोजे बदलले, पावडर बंद, चादर बदलली, पायपुसणं धुऊन वाळवलं. मांजरालाही स्वयंपाकघरात येण्याची बंदी झाली. बिचाऱ्याने कुणाचं काय बिघडवलं होतं? दर वेळी मलमाने चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

एक गोष्ट मात्र मापकाकांनी हेरली. सोमवारी सकाळी चट्टे फिके असायचे आणि शनिवारी संध्याकाळी भडक. म्हणजे रविवार मानवतो. म्हणजे दोष घरात नाही, टपाल कचेरीत आहे! ते दुकान बंद करून तडक तिथे गेले आणि टपाल लावायच्या खोलीत फरशी हाताने चाचपून, वास घेऊन पाहू लागले.

"काका, काय हरवलं?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

"या फरशीला कोणतं औषध लावता? सुनेच्या पायांना बाधतंय."

कारकून त्यांच्याकडे बघतच राहिला. "फरशीला तिचा पाय लागतो कुठे? तिच्या पायात बूट असतात."

मापकाका तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आल्याबरोबर त्यांनी कागद अंथरला.

"उभी राहा."

सून संकोचली, पण उभी राहिली. काकांनी नेहमीप्रमाणे कड काढली आणि मग, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. पायाच्या वरच्या बाजूला चट्टा जिथून सुरू होतो, जिथे वळतो, जिथे संपतो, ते तसंच्या तसं उतरवलं. डावीकडे एक पंख, उजवीकडे एक, मधे बारीक पट्टी. दुसऱ्या पायाचंही तेच. आकार पुरा झाला आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हे फुलपाखरू त्यांनी स्वतःच्या कात्रीने कापलं होतं.

मापकाकांचं एक वाक्य साऱ्या बाजारात प्रसिद्ध होतं: "सोल्यूशनने चिकटतं ते लेबल. बूट टाक्यावर उभा राहतो." त्या नादापायी किती गिऱ्हाइकं त्यांनी ताटकळत ठेवली असतील! सुनेला नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ठरवलं, असा जोड करायचा की अकरा किलोमीटर चाललं तरी नाडी काचता कामा नये. त्यासाठी नाडीखाली, चामडं आणि अस्तर यांच्या मधे, फुलपाखराच्या आकाराची मऊ गादी घातली. असली गादी दुसऱ्या कुणाच्याही बुटात नव्हती. पण कामावर रुजू होण्याची तारीख चार दिवस अलीकडे आली. टाके घालायला वेळ उरला नाही. तेव्हा काकांनी बाजारातून सोल्यूशनचा डबा आणला, दार लोटून घेतलं आणि थापला जाड थर. डबा नंतर बुटांच्या लाकडी फर्म्यांच्या मागे लपवला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तरी खात्री हवी होती. त्यांनी बुटाचं अस्तर उसवलं. घामाने तो थर चिकट, तपकिरी होऊन अस्तरातून झिरपला होता. चामड्याचा कोरा तुकडा, अस्तराचा कोरा तुकडा आणि डब्याच्या काठावरचा सोल्यूशनचा वाळलेला पापुद्रा घेऊन ते सुनेसह बाईंकडे गेले. बाईंनी तिन्ही तिच्या पाठीवर पट्टीने चिकटवले. दोन दिवसांनी पट्टी काढली, तर पहिल्या दोन तुकड्यांखाली काही नाही आणि तिसऱ्याखाली लालभडक चौकोन.

घरी येऊन काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना कान तापले होते.

"गादी मी शिवली नाही. चिकटवली."

"तुम्ही?" सासूबाईंच्या हातातला डाव थांबला. "सोल्यूशनने?"

"हो, मी."

सासूबाईंनी साबणाचा विषय काढला नाही. एवढी दया त्यांनी दाखवली.

काकांनी खिळ्यावरून आणलेली यादी खिशातून काढली आणि सुनेपुढे धरली. "मला एक कळत नाही. यात मोरीतल्या चपलासुद्धा आहेत. बूट का नाहीत?"

सुनेने यादी हातात घेतली.

"मला सुचलं नाही, मी आंधळा. आपला तो बाब्या. पण तू?"

"पहिल्याच आठवड्यात शंका आली होती, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज मी यायच्या वेळी दारात बसायचात. बूट काढले की हातात घेऊन पुसायचात. शेजारच्यांना दाखवायचात." ती खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, कातडीला होईल सवय."

"आणि नोकरी गेली असती तर?"

"तुम्हाला दुसरं काहीतरी कारण सांगितलं असतं."

मापकाकांना रागही आला आणि गहिवरूनही आलं. ते उठून दुकानात गेले आणि बराच वेळ नुसतेच दोऱ्याला मेण लावत बसले.

पुढचे तीन आठवडे ती जुने कापडी बूट घालून टपाल वाटत होती. पाय सुकत गेले, फोडांच्या जागी नवी गुलाबी कातडी आली. काकांनी पहिल्यापासून दुसरा जोड केला, सगळा टाक्यांचा. गादी घालायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"फुलपाखरू हवंय मला," सून म्हणाली. "शिवून."

साहेब चालायला आले त्या दिवशी मापकाका दुपारपासून दारात होते. संध्याकाळी ती कोपऱ्यावरून वळली. ती लंगडते की नाही, बूट कसे बसलेत, हे बघायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काय म्हणाले साहेब?"

"आठव्या किलोमीटरला बसले. टाचेला फोड आलाय त्यांच्या." ती पायरीवर टेकली आणि नाडी सोडू लागली. "कायमचं पत्र घ्यायला सोमवारी बोलावलंय. आणि विचारलंय, तुमचे सासरे माप घेतील का?"