एक्क्याण्णव नंबरचा शहाणपणा

चूक माझी होती. आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हा सांगायला मला पंचवीस दिवस लागले.

माझं गॅरेज आहे. तीस वर्षं इंजिनं उघडतोय आणि कानाने आजार ओळखतो, असा माझा लौकिक आहे. लौकिक मीच पसरवलाय म्हणा. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चष्म्याच्या दुकानात पस्तीस वर्षं लोकांना खालची ओळ वाचायला लावून निवृत्त झाले आणि एकदाचे पेटले. परदेशातून जुनी लाल टर्बो गाडी मागवली. दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली. या गाडीचं चित्र त्यांनी दुकानातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, ताईला दिसू नये म्हणून. ताईला ते पहिल्या वर्षीच दिसलं होतं.

गाडी आली ती थेट माझ्याकडे. दाजींनी विचारलं, "पेट्रोल कुठलं घालायचं रे? पंपावर तीन नळ्या आहेत. एक्क्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव."

मी टाकीचं झाकण उघडलं. आत स्टिकर. त्यावर आकडा, एक्क्याण्णव.

"हे काय, लिहिलंय की! एक्क्याण्णव," मी म्हणालो. चार गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो. "महागाचं पेट्रोल म्हणजे नुसती हौस, दाजी."

आठवडाभरात चढावर इंजिन खडखडायला लागलं. डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. मी प्लग बदलले, सायलेन्सरचे नट आवळले, इंजिनाखालचा पत्रा काढून परत लावला. आवाज तसाच. दाजी रोज यायचे, बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. मला त्या हाताचाच राग यायचा.

शेवटी ताई गॅरेजमध्ये येऊन थडकली. "हे बघ, माझा नवरा चढावर त्या डब्यात बसून उडालेला मला नकोय. शेजारचा दातांचा डॉक्टर गाडी घ्यायला तयार आहे. रविवारी मी स्वतः बसून टेकडीवर जाणार. आवाज आला, तर संध्याकाळी किल्ली त्याच्या हातात."

दाजी पायाकडे बघत राहिले.

गुरुवारी मी एकटाच गाडी घेऊन पंपावर गेलो, टायरमध्ये हवा भरायला. पंपाचा चढ चढताना झालेली खडखड तिथली पेट्रोल भरणारी बाई कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "ही परदेशातली ना? मग काय पाजताय?"

"एक्क्याण्णव. स्टिकरवर आहे."

"अहो, तो आकडा त्यांचा! पेट्रोल आपणहून न पेटता किती दाब सोसतं, त्याचा नंबर असतो ना, तो तिकडे वेगळ्या पद्धतीने काढतात. कमी येतो. त्यांचं एक्क्याण्णव म्हणजे आपलं पंच्याण्णव-शहाण्णव. टर्बो असेल तर अठ्ठ्याण्णवच द्या. तिकडचा एक मोटारसायकलवाला आला होता, त्याने सांगितलं. अजून थोडे दिवस असं चालवलंत तर पिस्टनला भोक पडेल."

तीस वर्षं! आणि मला हे पंपावरची बाई सांगते!

गॅरेजमध्ये आलो, शटर ओढलं, टाकी उपसली, पंपावरून कॅनमध्ये आणलेलं अठ्ठ्याण्णव भरलं आणि गाडी चढावर नेऊन पाहिली. खडखड गायब. दाजींना फोन केला. "सापडलं! फार बारीक ॲडजस्टमेंट होती. दुसऱ्या कुणाला जमली नसती."

काय थाप मारली होती!

रविवारी आम्ही तिघं निघालो. ताई पुढे, दाजी चालवायला, मी मागे. त्या गाडीच्या मागच्या सीटवर फक्त छत्री बसू शकते. गुडघे हनुवटीला लावून मी बसलो होतो. टेकडीच्या अलीकडे दाजी त्याच पंपावर वळले.

"अर्धी टाकी आहे," मी म्हणालो.

"असू दे. आज तिला पोटभर देतो," म्हणत ते उतरले आणि बाई दुसऱ्या गाडीत पेट्रोल भरत होती म्हणून त्यांनी स्वतःच एक्क्याण्णवची नळी उचलली.

आता मी काय करावं? मागे दार नाही. ताईची सीट पुढे झुकल्याशिवाय सुटका नाही. आणि गप्प बसलो तर वर चढेपर्यंत गाडी खडखडायची.

"थांबा! अहो दाजी, थांबा! ताई, हल ना!" मी ताईच्या खांद्यावरून अर्धा बाहेर आलो आणि तिथेच अडकलो. "ते नको! अठ्ठ्याण्णव! स्टिकर मला कळला नव्हता. ॲडजस्टमेंट वगैरे काही नाही, मी फक्त पेट्रोल बदललं!"

पंपावरचे सगळे बघायला लागले. बाईने तोंडावर हात धरला.

दाजींनी नळी जागेवर ठेवली. "अठ्ठ्याण्णव मला माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "गाडी विकणाऱ्याला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता."

"मग इतके दिवस एक्क्याण्णव का भरत होता?"

"तू चार लोकांसमोर सांगितलं होतंस. तुला खोटं कसं पाडू? पुढे सांगायचं राहूनच गेलं. आणि गुरुवारी तू म्हणालास, जमलं. मला वाटलं, खरंच जमवलंस तू. एक्क्याण्णववरसुद्धा."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. लपवायला जागाही नव्हती.

ताईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "बाई, अठ्ठ्याण्णव घाला. काठोकाठ," ती म्हणाली, आणि तिथूनच तिने डॉक्टरला फोन लावला. "गाडी विकायची नाही. भाऊ आहे एक, हवा असेल तर घेऊन जा."

डॉक्टर पलीकडून काहीतरी विचारत होता. ताईने फोन दाजींच्या कानाला लावला.

"आवाज ना? गेला की," दाजी म्हणाले, साऱ्या पंपाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आमच्या मेहुण्याने काढला."