निपाणी ते बेळगाव, कवड्यांच्या वाटेने

मित्रांनो, मी एक जुना पट आहे. सोंगट्या आणि कवड्यांच्या खेळाचा. माझ्या अंगावर आडवा, निळ्या शाईचा एक लांब डाग आहे. पूर्वी त्याची मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

माझा जन्म निपाणीतला, साधारण १९७४ सालचा. सत्याप्पा आणि तानुबाई हे नवरा-बायको तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तानुबाईने मांजरपाटाच्या तुकड्यावर रंगीत दोऱ्याने निपाणी ते बेळगाव असा नागमोडी रस्ता भरला. मधून मधून गावे: तवंदीचा घाट, लाल मिरच्यांचे संकेश्वर, मग हत्तरगी, यमकनमर्डी, काकती. टोकाला बेळगाव. जो आधी तिथे पोचेल तो जिंकला.

पण पोचणे सोपे नव्हते. सोंगटी ज्या गावात थांबेल त्या गावची एक गोष्ट सांगायची, खरी आणि पूर्वी न सांगितलेली. ती झाल्याशिवाय पुढच्याने कवड्यांना हात लावायचा नाही. मागून येऊन कुणी त्याच घरात थांबला, की आधीच्याची सोंगटी परत निपाणीला. त्यामुळे एकेक डाव महिनोन्‌महिने चाले.

संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात मला अंथरले जाई. शेजारच्या पारूबाई रोज येत. त्याही वखारीतल्याच. नवरा गेल्यापासून घरी एकट्या. सोंगटी हत्तरगीत अडकली, की त्या आठवडी बाजारात हत्तरगीची माणसे हुडकून काढत आणि त्यांच्याकडून गावची खबर घेऊन येत. कुणाची म्हैस विहिरीत पडली, कुणाच्या लग्नात जावई रुसला, सगळे त्यांना ठाऊक. बेळगावची मात्र एक गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली होती. तिथे पोचल्यावरच सांगेन म्हणायच्या. आणि नेमकी काकतीला आल्यावर त्यांची सोंगटी मारली जायची. मारणारे बहुतेक वेळा सत्याप्पाच असत, आणि त्यांना त्याचा फार आनंद होई. मला मात्र त्यांचा राग येई.

वर्षे गेली. पारूबाईंचे गुडघे धरले. खाली बसताना त्या खांबाला धरत आणि उठताना तानुबाईला. सत्याप्पांचा पुतण्या कृष्णात बेळगावात नोकरीला होता. टिळकवाडीत खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्याला पारूबाईंचे हाल बघवेनात. त्याने तंबाखूची रिकामी खोकी रचून मला वर मांडले आणि पारूबाईंना खुर्ची दिली. इथवर मीही खूश होतो. उंचावर बसायला कुणाला आवडत नाही?

पण मग त्याने खिशातून पेन काढले. निपाणीपासून बेळगावपर्यंत, सगळी गावे चुकवून, त्याने माझ्यावर सरळ निळी रेघ ओढली. ही डायरेक्ट गाडी, म्हणाला. गोष्टी बंद, थांबे बंद, म्हाताऱ्या माणसांना त्रास नको. त्या दिवशी चहा निवायच्या आत डाव संपला, आणि पारूबाई जिंकल्या. कृष्णातने टाळ्या वाजवल्या आणि लगेच दुसरा डाव मांडला. पारूबाई कवड्या हातात धरून तशाच बसल्या.

"मी पोचले व्हय बेळगावला?" त्या म्हणाल्या. "मला तर वाटेत एक बी गाव लागलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. झटपट डाव एकदोनदा झाले, मग तेही थांबले. माझी घडी होऊन मी तांदळाच्या डब्याखाली गेलो. त्या पावसाळ्यात मला कुबट वास लागला. जिंकून माणूस असे रुसते का, हे काही मला कळत नव्हते.

पावसाळा सरल्यावर सत्याप्पांनी मला बाहेर काढले. खोकी बाजूला सारून त्यांनी मला पूर्वीसारखे जमिनीवर अंथरले आणि पारूबाईंना निरोप धाडला. खेळ जसा होता तसाच राहील, नाहीतर नको, असे त्यांनी पुतण्याला बजावले. पारूबाई आल्या. माझ्याकडे बघून हसल्या. खांबाला धरून बसू लागल्या, पण गुडघा काही वाकेना. दोनदा प्रयत्न करून त्या परत वळल्या. मला फार वाईट वाटले. आता त्या कायमच्या जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होते.

कृष्णात दारात आडवा आला. "मावशी, तुम्हांला काय पायजे ते तरी सांगा."

"खुर्ची दिलीस ते लई बेस केलंस," पारूबाई म्हणाल्या. "ती ऱ्हाऊ दे. माझी गावं तेवढी परत दे रं."

 सत्याप्पांनीच उठून खोकी पुन्हा रचली. तानुबाईने सुई घेतली आणि निळ्या रेघेवर हिरवा दोरा चालवला. शाई काही पुरती झाकली नाही, पण रेघ मोडली. गोष्टी पुन्हा सुरू झाल्या, खुर्चीही राहिली. कुणी आजारी पडला, तर त्याने आपली गोष्ट दुसऱ्याबरोबर पाठवायची, एवढी सवलत सत्याप्पांनी स्वतःहून दिली.

पुढच्या उन्हाळ्यात पारूबाईंची सोंगटी काकतीला आली. मागे सत्याप्पा होतेच. त्यांनी कवड्या टाकल्या, आणि दान एका घराने हुकले. मग पारूबाई बेळगावात शिरल्या आणि जपून ठेवलेली गोष्ट सांगू लागल्या. मालकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, एकदाच त्यांना बेळगाव दाखवले होते. स्टँडवर पानात कुंदा घेऊन दिला. मला गोड आवडत न्हाय, सगळा तूच खा, म्हणाले.

"मी खाल्ला," पारूबाई म्हणाल्या. "हात धुऊन मागं बघितलं, तर मालक उभ्या उभ्या पान चाटत हुते."

त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले. तानुबाई हसता हसता रडली. सत्याप्पांनी कवड्या मुठीत धरल्या आणि त्या संध्याकाळी परत टाकल्याच नाहीत.

मित्रांनो, खेळताना म्हाताऱ्या माणसांना खुर्ची जरूर द्या. त्यांची वाट मात्र तोडू नका. आणि माझी घडी घालाल तेव्हा बेळगाव वर ठेवा. पारूबाईंना तसेच आवडते.