उलटी प्रदक्षिणा

खिडकीला डोकं टेकलं की ल्हाजोमला पेंग यायची, आणि पेंगेत गाडी रस्त्यावरून नाही, ढगांतूनच चाललीय असं वाटायचं. गाडीभर लोण्याचा आणि मेंढीच्या कातड्याचा उबदार वास होता. बाहेर पठारावर याक उभे होते, कालपासून जागचे हललेच नसावेत असे.

मांडीवर सातूच्या पिठाची पिशवी होती, लेकीसाठी. सेर्की उद्या लांब शहरात नर्सिंग शिकायला जाणार होती, तीन वर्षांसाठी. "गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस," असं ल्हाजोमच तिला म्हणाली होती. रागाच्या भरात माणूस वाटेल ते बोलतं. पोरगी त्याच पावली मठाच्या गावी मावशीकडे निघून गेली, आणि आठ दिवस आईच्या घशाखाली घास उतरला नाही.

समोरून दुसरी गाडी येत होती. तिच्या खिडकीतून नारिंगी मफलर फडफडला. ल्हाजोमनेच विणलेला.

"आमा!" लेकीने आईला हाक मारली.

"अगं बाई, ही तर माझ्याकडेच निघालीय! नोरग्ये, थांबव रे!"

पण तेवढ्यात मधे भिंत आली. मंत्र कोरलेल्या दगडांची, दोन पुरुष उंच, नजर पोचणार नाही इतकी लांब. ती उजव्या हातालाच ठेवायची रीत, म्हणून ही गाडी या अंगाने गेली आणि ती त्या अंगाने.

"मागे नाही फिरवणार, आचे," ड्रायव्हर नोरग्ये म्हणाला. ल्हाजोमला तो आचे, म्हणजे ताई, म्हणायचा. "उलटं जायचं पाप कोण घेईल? पुढून वळसा घालतो."

उशीर होतो म्हणून गाडीतले म्हातारे कुरकुरणार होते, पण बसल्या जागी प्रदक्षिणा घडतेय म्हटल्यावर त्यांनी जपमाळा काढल्या.

गाडी पलीकडे आली. रस्ता रिकामा! दुसऱ्या गाडीची धूळ आता भिंतीपलीकडे, मघाच्या बाजूला उडत होती.

"तिनंही वळवायला लावली वाटतं. आई तशी लेक!" नोरग्ये हसला. "थांबू इथंच. येतील फिरून."

थांबले. भिंतीपलीकडून हॉर्न ऐकू येत राहिला, एकाच जागेवरून. तेही थांबले होते.

ल्हाजोम खाली उतरली आणि आलेल्या वाटेने, भिंत डाव्या हाताला ठेवून, चालू लागली.

"आचे, उलटी चाललीस!" नोरग्ये मागून ओरडला.

उभ्या जन्मात तिने असं केलं नव्हतं. वर पताका फडफडत होत्या, ढगाची सावली तिच्या बरोबरीने सरकत होती. आपण जागे आहोत की अजून पेंगतोय, तिला कळेना.

टोकाशी सेर्की आली. धावत, सुलट्या बाजूने. आईला पाहताच ती जागीच थबकली आणि तिने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

"आमा, तू उलटी आलीस? पाप लागेल ना."

"लागू दे," ल्हाजोम म्हणाली, आणि तिने मफलर हळूच खाली सारला. "तोंड दाखव बघू आधी."