मास्तरांना न आठवलेली पुस्तकं

झोंबा गावातल्या बाउलेनी नावाच्या मास्तरांच्या घराची मागची खोली पुस्तकांनीच बळकावली होती. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं, आणि शहरात गेले की रिकाम्या हातांनी कधी परतले नाहीत. आता बायकोची थोरली बहीण एनिफा सरोवरकाठचं गाव सोडून कायमची राहायला येणार होती. नवरा गेलेला, डोळे अधू झालेले. मास्तरांनी लगेच होकार दिला. त्यांच्या बायकोनं, फलेसीनं, एवढंच बजावलं, की खोलीत एकच कपाट राहील. बाकीची पुस्तकं शाळेला द्यायची.

मास्तर आठवडाभर निवडत बसले. ठेवायचा ढीग खिडकीच्या वर गेला. द्यायच्या ढिगात तीन व्याकरणं आणि वाळवीनं पोखरलेला एक नकाशासंग्रह, बस्स. अशात एनिफा दोन दिवस आधीच सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन दारात हजर झाली. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिनं उंबऱ्याशीच चटई अंथरली.

"मास्तर, हातात आहे त्यात काय आहे?" तिनं विचारलं.

ती एका खलाशाची गोष्ट होती. मास्तर सांगत सुटले. वादळ, बंड, बेट, सगळं अगदी नावानिशी. एनिफा शेंगा सोलत ऐकत राहिली.

"तुम्हाला तर सगळं पाठ आहे," शेवटी ती म्हणाली. "मग ते ठेवून काय करणार? जे आठवत नाही ते ठेवा."

मास्तर चिडले. जिवाभावाचीच पुस्तकं द्यायची, हा कुठला न्याय? पण दुपारी त्यांनी खलाशाचं पुस्तक स्वतःच खोक्यात टाकलं. मग रोज ते एकेक पुस्तक उचलत, एनिफाला सांगत आणि खोक्यात ठेवत. दोन खोकी भरली, तरी आपलं काही कमी झालंय असं त्यांना वाटेना.

एकदा कुंभाराच्या मुलीची कादंबरी निघाली. मुलगी शहरात लग्न करून तिथेच रमते, असं मास्तरांनी सांगितलं. चुलीवरच्या मक्याच्या पिठाच्या न्सिमात पळी फिरवणारी फलेसी तिथूनच म्हणाली, "नाही हो. ती परत येते आणि बापाची भट्टी पेटवते."

"तू कधी वाचलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत. लग्नाच्या वर्षी, रोज थोडं थोडं."

मास्तरांनी शेवटचं पान उघडलं. भट्टी पेटली होती. ते बराच वेळ पुस्तकाकडे नाही, तर बायकोकडे बघत राहिले.

"मास्तर नापास," एनिफा म्हणाली. "हे ठेवा."

शनिवारी शाळेचे मुख्याध्यापक गाडी घेऊन आले आणि अकरा खोकी घेऊन गेले. कपाटात उरलं ते बहुतेक न वाचलेलं, अर्धवट सोडलेलं किंवा पार विसरलेलं. एनिफाची खाट खिडकीखाली लागली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं, खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. फलेसीही भाजी निवडायला तिथेच येऊन बसली.