बाबांच्या बुडाखालची खुर्ची

मी आरामखुर्ची. जरा तोंडाळ आहे, आधीच सांगून ठेवते. जन्मभर माणसांचं वजन सोसलंय, आता शब्द कशाला गिळू?

मला घडवलं एका चिडक्या सुतारानं. उजवा हात त्यानं सकाळी मन लावून बसवला आणि डावा भरपेट जेवून आल्यावर. म्हणून डावा आजही डुगडुगतो.

मला घरी आणलं एका फिटरनं. तेव्हा गडी तरणाबांड होता. आता घरात सगळे त्याला बाबा म्हणतात आणि गुडघ्यांनी पार राजीनामा दिलाय. नव्या सोफ्यावर बसले की बाबा रुतायचे, मग "अरे, उठवा रे कुणीतरी!" अशा हाका. माझ्यावरून मात्र ते आपले आपण उठायचे. उजव्या हातावर भार, गुडघ्याला एक सणसणीत शिवी, की झाले उभे! त्या घरात कुणाच्या मिनतवाऱ्या न करता बसावं-उठावं अशी जागा त्यांना तेवढीच होती.

मग आला उपवासकाळ. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे आमच्या चर्चची मंडळी काहीतरी आवडीचं सोडतात. बाबांच्या मुलानं चहातली साखर सोडली आणि बिस्किटं दुप्पट केली. सूनबाईनं चुगल्या सोडल्या, म्हणजे फोनवरच्या. अशात फादरनी प्रवचनात सांगितलं, "घरातली सर्वांत जिवाभावाची वस्तू गरजूंसाठी आणून द्या. चर्चच्या हॉलमध्ये ठेवू, ईस्टरच्या आधी वाटू."

सूनबाईनं घरभर नजर फिरवली. स्वतःच्या आरशाच्या कपाटावरून ती भर्रकन पुढं गेली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"बाबांची खुर्ची! हिच्याइतकं जिवाभावाचं काय आहे घरात?"

"अगं, पण बाबांना विचारलंस का?" मुलगा म्हणाला.

"त्याग काय विचारून करतात?"

बाबा आंघोळीला गेले होते. ते बाहेर येईपर्यंत मी टेम्पोत चढले होते, पाठीवर देणगीदार म्हणून सूनबाईच्या नावाची चिठ्ठी घेऊन.

हॉलमध्ये पोचले तर काय! नवऱ्याचा रेडिओ बायकोनं दिलेला, बहिणीची गिटार भावानं आणलेली. स्वतःचं काही घेऊन आलेला एक माईचा लाल तिथं नव्हता.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत बाबा आले आणि माझ्यावर बसले. मग रोजच यायला लागले. घरी सांगायचे, "प्रार्थनेला जातो." फादरनी तर भर चर्चमध्ये त्यांचं कौतुक केलं, "गुडघे गेले तरी रोज येतात, भक्ती असावी तर अशी!" सूनबाई मान ताठ करून बसली, जणू सासऱ्याला देवाच्या वाटेला तिनंच लावलं होतं. बाबा काय करायचे ते मला विचारा ना. तोंड उघडं टाकून घोरायचे!

वाटपाच्या दिवशी एक शिंपीण आली. तिच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं. फादर खाकरत बाबांसमोर आले. "बाबा, जरा उठता का? ही खुर्ची यांना द्यायचीय."

"नाही देणार," बाबा म्हणाले. "खुर्ची माझी आहे. सुनेनं दिली म्हणे! तिच्या बापाची होती का?"

हॉलमधल्या सगळ्या माना सूनबाईकडं वळल्या. तिला तोंड कुठं लपवू असं झालं.

"राहू द्या काका," शिंपीण म्हणाली. "मी मशीन थांबवून उठवते आईला. पण तिला संकोच वाटतो हो. हल्ली हाकच मारत नाही. तहान लागली तरी तशीच बसून राहते."

मी गेल्यापासून घरी सोफ्यावर बाबाही तसेच बसून राहायचे. मग त्यांनी माझ्या उजव्या हातावर भार दिला, सगळ्यांदेखत गुडघ्याला शिवी हासडली आणि उभे राहिले. फादरनी छताकडं बघितलं.

"आईला सांग, भार उजव्या हातावर. डाव्यावर विश्वास ठेवायचा नाही," बाबा म्हणाले. "आणि शिवी दिल्याशिवाय ही उठू देत नाही." माझ्या पाठीवरची चिठ्ठी त्यांनी फाडून खिशात घातली. "हं. आता दिली. मी दिली."

मला नव्हतं हो त्यांना सोडून जायचं! पण खुर्चीला कोण विचारतं?

आता मी शिलाई मशीनच्या शेजारी असते. आजीबाई आधी देवाचं नाव घेऊन उठायच्या, आता गुडघ्याला शिवी घालून उठतात आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन पितात. बाबा अधूनमधून येतात, माझा डावा हात ठोकून बघतात आणि पलंगाच्या कडेवर बसतात. घरी सोफ्यावरून त्यांना हाका माराव्याच लागतात, आणि पहिल्या हाकेला सूनबाई धावते. न धावून सांगते कुणाला! उपवासकाळ संपला, बाईचा त्याग मात्र आता कुठं सुरू झालाय.

तुम्हालाही पुढच्या उपवासकाळात काही द्यावंसं वाटलं, तर कृपा करून घरभर नजर फिरवू नका. आधी उभे राहा. ज्याच्यावर बसला होता, ते द्या.