मोजणीवाली पाहुणी

भावेश जीपवाल्याला मी त्या दिवशी काय काय बोलले ते सांगत नाही, पण वर्षभर पुरेल एवढं बोलले. होळी तोंडावर आलेली, माझा नवरा पाळणीत, आणि हा शहाद्याचा शहाणा एक गोरी बाई माझ्या अंगणात उतरवून म्हणतो, "ताई, हाई फॉरेननी शे. नंदुरबार टेसनवर भेटनी. होळी देखी आनि चालनी जाई. तुन्हाच घर ठेव, तुले हिंदी येस."

मला हिंदी येते म्हणजे काय, अंगणवाडीच्या मीटिंगपुरती येते. त्या बाईला तर तेवढीही येत नव्हती. मार्ता तिचं नाव, देश पोलंड, हिंदुस्थानात येऊन तिला चारच दिवस झाले होते. मुंबईला विमानातून उतरली, रेल्वेत बसली, आणि थेट आमच्या डोंगरात. मला सांगा, चार दिवसांत कोणी ताजमहाल बघेल, समुद्र बघेल. धडगावच्याही पलीकडे, जिथे मोबाइलला एक काडी नेटवर्क मिळत नाही, तिथे कोणी कशाला येईल? विमानाचं तिकीट काढणारी बाई चालत फिरते, उघड्यावर झोपते, केळ्याच्या भावावरून घासाघीस करते. मला ते काही पटेना. पण जीप गेलेली होती आणि दारात आलेल्या माणसाला आम्ही पाणी दिल्याशिवाय राहत नाही. मी पाणी दिलं.

तेवढ्यात माझा नवरा करमसिंग नदीवरून वर आला. ही बया हसत पुढे झाली आणि हात पुढे केला. करमसिंगने अशी उडी मारली मागे, की कोंबड्या फडफडत पळाल्या. मी मधे घुसले. "नहीं, नहीं! हाथ नहीं!" ती म्हणाली, "ओके, ओके."

पाळणी म्हणजे काय ते सांगते. होळीला अंगावर पांढरे ठिपके, कमरेला सुक्या भोपळ्यांची माळ आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचतात, त्यांना आम्ही बुध्या म्हणतो. हौस म्हणून कोणी बुध्या होत नाही, नवस असतो. होळीच्या आधीपासून त्याला पाळणी पाळावी लागते. खाटेवर बसायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, बाईच्या हातचं खायचं नाही, आणि बाईचा स्पर्श नाही. बायकोचासुद्धा नाही. आमची सोनम दोन वर्षांची असताना तिला झटके यायला लागले. डोळे वर, दातखीळ, अंग लाकडासारखं. दवाखान्यातून गोळ्या आणल्या, त्या मी एक दिवस चुकवत नाही. आणि तिच्या बापाने पाच होळ्यांचा नवस बोलला. झटके थांबले. गोळीने थांबले की नवसाने, ते मला विचारू नका, मी दोन्ही घट्ट धरून बसले आहे. ही पाचवी होळी होती. एवढी पार पडली की सुटलो. आणि मोडली तर पोरीचं काय होईल, हा विचार मी मनातसुद्धा येऊ देत नव्हते.

आणि नेमकी आताच ही आली होती.

दुसऱ्या दिवशी मला तिची काठी दिसली. दोन काठ्या होत्या तिच्याकडे, चालताना टेकायच्या, बारीक, चकचकीत. एक तिने भिंतीला लावून ठेवली होती. मी जवळ जाऊन बघते तर काय, काठीवर आकडे! खालपासून वरपर्यंत रेघा आणि आकडे, शंभर, एकशे पाच, एकशे दहा. मी दोन पावलं मागेच सरले.

तुम्हाला वाटेल, काठीवरच्या आकड्यांना काय घाबरायचं. तुमचं गाव पाण्यात गेलं नाही म्हणून असं वाटतं. मी लहान होते तेव्हा असेच पाठीवर पिशव्या घेतलेले लोक आले होते. त्यांच्याकडे पण रेघा आणि आकडे असलेली लांब काठी होती. एक जण काठी धरून उभा राहायचा, दुसरा लांबून डोळा लावायचा. आम्ही पोरं त्यांच्या मागे मागे फिरायचो, ते आम्हाला गोळ्या द्यायचे. आईने त्यांना भाकरी करून घातली होती. जाताना दगडांवर लाल रंगाच्या खुणा करून गेले. मग धरणाचं पाणी आलं, आणि खालचा पाडा, आमचं घर, महूची झाडं, सगळं पाण्याखाली गेलं. आता आम्ही वर उतारावर राहतो. अजून वर सरकायला जागा नाही, वर नुसता खडक आहे.

मी तडक आमशाबाबाकडे गेले. आमशाबाबा आमच्या पाड्याचा पुजारा, देवाचं सगळं तोच बघतो.

"मोजणीवाली आहे ती," मी म्हणाले. "काठीवर आकडे आहेत."

"एकटीच आहे?"

"एकटीच."

"मोजणीवाले एकटे कधी येतात का?"

"आधी एकटी पाठवली असेल. आता बायका पाठवायला लागले असतील. आपण बाईला हाकलणार नाही हे त्यांना माहीत आहे."

आमशाबाबाने तंबाखू मळली, तोंडात टाकली. "लक्ष ठेव," म्हणाला. "आणि करमसिंगला तिच्यापासून लांब ठेव. एवढी होळी जाऊ दे."

मग काय, मी लक्ष ठेवलं. अंगणवाडीतली पोरं एकीकडे, हिच्यावर डोळा एकीकडे. ती फोटो काढायची. घराचा, डोंगराचा, पाण्याचा, पुन्हा पाण्याचा. म्हटलं, पाण्यात आहे काय एवढं? फोनवर तिने मला बुध्याचा एक फोटो दाखवला, कुठल्या तरी दुसऱ्या गावचा, आणि बोटाने विचारलं, हे कुठे, हे कधी? मी नुसती मान हलवली. बुध्या माझ्याच घरात आहे हे तिला कळलं असतं, तर खांद्यावर हात टाकून फोटो काढायला आली असती. सोनमशी मात्र तिची लगेच गट्टी जमली. तिला केसांच्या वेण्या घालून दिल्या, कागदाचा बेडूक करून दिला. मला त्या बेडकाचाही राग आला. आम्हाला पण गोळ्या दिल्याच होत्या की त्या लोकांनी.

करमसिंग नाव चालवतो. पलीकडच्या काठावरच्या लोकांना आणतो, पोचवतो. पाळणीत बायका नावेत चढताना तो हात देत नाही, बांबू आडवा धरतो, बायका त्याला धरून चढतात. मार्ता एकदा नावेत बसायला गेली, तेव्हा तिला बांबू दिसतच नव्हता, ती आपली हातच पुढे करत होती. मी काठावरून ओरडून ओरडून घसा बसवला. करमसिंग वर आल्यावर हसत होता.

"तुला काय हसू येतंय?" मी म्हणाले. "तिने धरला असता हात म्हणजे?"

"नाही धरला ना."

"मुद्दाम करते ती."

"तिला काय माहीत, रमिला?"

"तू भोळा आहेस. तुझी पोरगी भोळी आहे. घरात मी एकटीच शहाणी."

तिला मी खाली पाण्याकडे जाऊ नको म्हणूनही सांगितलं होतं, हे खरं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मागे गाळ राहतो. वरून सुकलेला, भेगा पडलेला, एखाद्या शेतासारखा दिसतो. पाय ठेवला की आत भसकन. गेल्या वर्षी सुरुपसिंगचा बैल गेला त्यात, नुसती शिंगंच वर उरेपर्यंत आम्ही दोर ओढत होतो. मी हाताने दाखवलं, असं आत, असं खाली, मेली. ती म्हणाली, "ओके, ओके." पण ओके तर ती कशालाही म्हणायची.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी पाड्यातले पुरुष होळीचा बांबू आणायला जंगलात गेले होते. मी भाकरी थापत होते. बघते तर मार्ता गळ्यात काहीतरी बोचकं अडकवून, ते काखेत दाबून, हातात ती आकड्यांची काठी घेऊन, गुपचूप खाली चालली आहे. गुपचूप! मागे वळून बघत होती, कोणी बघतं का. म्हटलं, सापडली. भाकरी तव्यावर टाकून मी निघाले मागे. झुडपाआडून झुडपाआड. आज हिला रंगेहात धरते, तो फोन पाण्यात फेकते आणि पुजाऱ्यासमोर उभी करते, असं सगळं मी ठरवून टाकलं होतं.

ती वाट सोडून सरळ गाळावर गेली, कडेचा सुका थर तिला पेलत होता.

"ए! ए बाई! रुक!" मी झुडपातून बाहेर येऊन ओरडले. ती दचकली, मला बघून हसली, आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. आणि मग मांड्यांपर्यंत खाली.

मी पळत कडेपर्यंत गेले. पुढे जाता येईना. ती माझ्यापासून चार बांबू तरी लांब होती. सगळ्यांत वाईट म्हणजे ती धडपडत होती, आणि गाळात धडपडलं की माणूस आणखी आत जातो. मी लुगड्याचा पदर सोडून फेकला, कुठे पोचणार तो! "हिलना मत! मत हिल गं!" ती कमरेपर्यंत गेली. ती ओरडतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मी हाका मारल्या. डोंगरात पुरुष एक नव्हता.

पाण्यावर करमसिंगची नाव होती.

त्याने बघितलं. वल्हं मारत पाण्याच्या बाजूने आला, नाव गाळात घुसवली, जेवढी घुसली तेवढी. पुढच्या टोकावर पालथा झाला आणि बांबू दिला. तिने धरला. त्याने ओढलं. हात चिखलाने माखलेले, बांबू सटकला. पुन्हा दिला, पुन्हा सटकला. दर वेळी ती थोडी आणखी खाली. छातीपर्यंत गेली, मग खांद्यापर्यंत. बांबू आता तिला धरताच येईना, हात वर उचलायचं त्राण नव्हतं. करमसिंगने बांबू टाकून दिला. त्याचे हात नावेबाहेर होते, तिच्यापासून वीतभर. आणि तो थांबला. मान वळवून माझ्याकडे बघितलं.

त्याने मला काही विचारलं नाही, पण मला कळलं. मला सोनम दिसली. दोन वर्षांची, डोळे वर, दात आवळलेले, माझ्या मांडीवर. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, जाऊ दे. कोण कुठली, कशाला आली. माझी पोरगी ती माझी पोरगी. मग मार्ताच्या हनुवटीला चिखल लागला आणि तिने "मामा" असं काहीतरी म्हटलं. आईला म्हणत असणार, तेवढं कोणालाही कळतं.

"धर तिला!" मी ओरडले. "धर रे, बघतोस काय!"

त्याने दोन्ही काखांत हात घातले आणि तिला अशी छातीशी घट्ट धरली, ओढली, नाव उलटते की काय असं झालं, पुन्हा ओढली. गाळाने तिला सोडलं तेव्हा एक बूट आतच राहिला.

काठावर आणल्यावर मी तिच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो. ती कशाला रडत होती आणि मी कशाला, ते वेगळं होतं. तिचं बोचकं अजून तिच्या गळ्यात अडकलेलं होतं. सोडून बघितलं तर आत दोन बनियन, आतले कपडे आणि साबणाची वडी. आतले कपडे धुवायचे होते बयेला, लोकांसमोर लाज वाटत होती म्हणून लपून चालली होती! आणि त्या काठीचं विचाराल, तर ती पट्ट्याने तिच्या मनगटालाच अडकून वर आली होती. तिने तिथेच मला दाखवलं, काठी पिळली की लहान-मोठी होते. आकडे आपल्या उंचीचे. मी काठी घेतली आणि लांब फेकून दिली, मग परत जाऊन उचलून आणली.

मग ती उठून करमसिंगकडे गेली. त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. मी अडवलं नाही. तोही मागे झाला नाही, तसाच उभा राहिला.

संध्याकाळी पुरुष बांबू घेऊन परतले आणि आमच्या अंगणात जमले. मार्ता माझी गोधडी पांघरून कोपऱ्यात बसली होती. एकेकाचं तोंड बघत होती. तिला काही समजत नव्हतं, पण आपल्यामुळे काहीतरी झालंय एवढं समजलं होतं. चार दिवस मी तिच्याकडे जसं बघत होते, तसंच आता ती आमच्याकडे बघत होती.

आमशाबाबाने विचारलं, "कशी मोडली पाळणी?"

करमसिंग म्हणाला, "मी आपणहून धरलं तिला. रमिला काठावर लांब होती, तिला काही माहीत नाही."

तो असं का बोलला ते मला लगेच कळलं. बायका दाराशी उभ्या होत्या. उद्या सोनमला काही झालं, तर त्या म्हणतील, आईनेच नवस मोडला, आईनेच पोर खाल्ली. ते माझ्यावर येऊ नये म्हणून तो खोटं बोलत होता. आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही त्याला, तेव्हाही जमिनीकडे बघूनच बोलला.

"खोटं आहे," मी म्हणाले. "तो थांबला होता. मी ओरडले, म्हणून त्याने धरलं. पोरीला काही झालं तर मला बोला. ह्याला कोणी एक शब्द बोलायचं नाही."

 एका बाईने तोंडाला पदर लावला. आमशाबाबाने तंबाखू मळली.

"चार वर्षांचं गेलं," तो शेवटी म्हणाला. "परत पहिल्यापासून पाच."

"बरं," करमसिंग म्हणाला. "उद्यापासून धरू?"

"उद्या कसं? आता पुढच्या होळीला."

पुढची होळी म्हणजे वर्ष. सोनम माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, दिवसभर खेळून दमली होती. झोपेत तिची पापणी जराशी हलली, सगळ्या पोरांची हलते तशी. माझा हात तिच्या दातांपाशी गेला, आवळलेत का बघायला. आवळलेले नव्हते. तरी मी हात काढला नाही.